घराच्या सहा दिशा : कुटुंब आणि आपले सामुदायिक कार्यक्रम

तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या विचारांनी चालणाऱ्या आपल्या समाजात वर्षभर कार्यक्रमांना तोटा नसतो. ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले जयंती, ७ फेब्रुवारीला माता रमाई जयंती, १४ एप्रिलला भीमजयंती, वैशाखात बुद्ध पौर्णिमा, आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास, धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिनाचे अभिवादन. याशिवाय मंगल परिणय, नामकरण, गृहप्रवेश, पुण्यानुमोदन आणि गुणवंत विद्यार्थ्यांचे सत्कार हे सारे वेगळेच. मंडळाचे कार्यकर्ते वर्गणीसाठी घरोघर फिरतात, मांडव उभा राहतो, वक्ते येतात, भोजनदान होते आणि लोक आपापल्या घरी परततात.

मांडव उतरल्यानंतर घरात काय उरते, हा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटतो. सभेत समतेवर टाळ्या वाजवणाऱ्या माणसाच्या घरी समता आहे काय? व्यासपीठावर माता रमाईंच्या त्यागाचे वर्णन होत असताना आपल्या घरातील माऊली कुठे असते? कार्यक्रमाच्या मागच्या बाजूला भाजी चिरत असते, की पहिल्या रांगेत बसलेली असते? कुटुंबाचे महत्त्व सांगणारे भाषण करणे सोपे आहे. ते महत्त्व कार्यक्रमाच्या रचनेतच दिसले पाहिजे, असे आमचे मत आहे.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने १९९३ साली ठराव करून १५ मे हा आंतरराष्ट्रीय कुटुंब दिन म्हणून ठरवला. त्यानंतरचे १९९४ हे वर्ष आंतरराष्ट्रीय कुटुंब वर्ष म्हणून साजरे झाले. बौद्धांना मात्र हा विचार नवा नाही. घरातील माणसांनी एकमेकांशी कसे वागावे, याची रेखीव मांडणी भगवान बुद्धांनी अडीच हजार वर्षांपूर्वी केली आहे. ती समजून घेतली तर आपले कार्यक्रम कसे असावेत हेही आपोआप कळते.

धम्मदीक्षा ही घराची दीक्षा

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून त्रिशरण आणि पंचशील ग्रहण केले. त्या वेळी माईसाहेब त्यांच्यासोबत होत्या आणि दोघांनीही दीक्षा घेतली. त्यानंतर बाबासाहेबांनी समोरच्या विराट जनसमुदायाला दीक्षा दिली आणि २२ प्रतिज्ञा वदवून घेतल्या. त्या समुदायात पुरुष होते, तशाच कडेवर मूल घेतलेल्या स्त्रिया होत्या, म्हातारी माणसे होती. पांढरी वस्त्रे लेऊन घरेच्या घरे आली होती.

२२ प्रतिज्ञा नीट वाचल्या तर त्यातील कितीतरी प्रतिज्ञा घराच्या उंबऱ्याशी निगडित आहेत हे ध्यानात येईल. दारू पिणार नाही, व्यभिचार करणार नाही, खोटे बोलणार नाही, श्राद्ध आणि पिंडदान करणार नाही, ही वचने सभागृहात पाळायची नाहीत, घरात पाळायची आहेत. एकट्या पुरुषाने दीक्षा घेतली आणि घर पूर्वीच्याच वळणावर राहिले, तर धर्मांतर कागदावर राहते. आपल्या समाजात ते कागदावर राहिले नाही, याचे मोठे श्रेय घरातील स्त्रियांना आहे. देव्हाऱ्यातले देव त्यांनी स्वतःच्या हातांनी काढले. नवससायास, अंगात येणे, कोंबडे-बकरे हे सारे त्यांनी थांबवले. हे काम कोणा पुढाऱ्याच्या आदेशाने एका रात्रीत झाले नाही. शेजारणीने शेजारणीला सांगितले, सासूने सुनेला सांगितले, तेव्हा झाले.

सिगाल तरुणाची गोष्ट

दीघनिकायात सिगालोवाद सुत्त आहे. भगवान बुद्ध राजगृहाच्या वेळुवनात राहत असताना एकदा सकाळी भिक्षेसाठी निघाले. वाटेत त्यांना सिगाल नावाचा तरुण गृहस्थ दिसला. ओल्या वस्त्रांनी, ओल्या केसांनी, हात जोडून तो पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर, खाली आणि वर अशा सहा दिशांना नमस्कार करीत होता. विचारल्यावर त्याने सांगितले की, वडिलांनी मरताना तसे करायला सांगितले होते, म्हणून मी करतो.

भगवंतांनी त्याची थट्टा केली नाही. वडिलांचा शब्द पाळणाऱ्या मुलाचे मन त्यांनी दुखावले नाही. त्यांनी दिशांचा अर्थच बदलून टाकला. पूर्व दिशा म्हणजे आईवडील. दक्षिण म्हणजे गुरुजन. पश्चिम म्हणजे पत्नी आणि मुले. उत्तर म्हणजे मित्र आणि सोबती. खालची दिशा म्हणजे आपल्यासाठी राबणारे नोकर-कामगार. वरची दिशा म्हणजे श्रमण, सत्पुरुष. या सहा नात्यांत आपले कर्तव्य केले म्हणजे सहा दिशांची पूजा झाली.

कर्मकांड सोडायचे तर त्याच्या जागी काय ठेवायचे, या प्रश्नाचे हे उत्तर आहे. रिकाम्या जागी कर्तव्य ठेवायचे. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात गृहस्थांसाठी, मुलांसाठी, पती-पत्नींसाठी, मालक आणि सेवकांसाठी जे विनय सांगितले आहेत, त्यात ही शिकवण आलेली आहे.

या सुत्तातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, प्रत्येक दिशेला दोन बाजू आहेत. मुलांनी आईवडिलांसाठी पाच गोष्टी करायच्या, तर आईवडिलांनीही मुलांसाठी पाच गोष्टी करायच्या. मुलांना वाईटापासून आवरणे, चांगल्या मार्गाला लावणे, काम-धंद्याचे शिक्षण देणे, योग्य जोडीदार पाहून देणे आणि वेळीच वारसा हाती देणे, हे आईवडिलांचे काम. आपल्याला ज्यांनी पोसले त्यांचे पालनपोषण करणे, त्यांची कामे उचलणे, कुळाचे नाव राखणे, वारशाला पात्र होणे आणि ते गेल्यावर त्यांच्या नावे दान करणे, हे मुलांचे काम. वरच्या दिशेला श्रमणांच्या वाट्याला एक जास्तीचे सहावे कर्तव्य आहे, बाकी सर्व ठिकाणी पाचास पाच असे समान माप आहे.

पतीने पत्नीचा सन्मान करावा, तिचा अपमान करू नये, तिच्याशी एकनिष्ठ राहावे, घरातील अधिकार तिच्या हाती द्यावा आणि तिला वस्त्रालंकार द्यावेत. पत्नीने घरची कामे नीट लावावीत, दोन्हीकडच्या माणसांचे आगतस्वागत करावे, एकनिष्ठ राहावे, मिळवलेले जपावे आणि कामात दक्ष असावे. घरातील अधिकार तिच्या हाती द्यावा, हे वाक्य त्या काळात उच्चारले गेले, याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. आज काळ पुढे गेला आहे. घरची कामे आता पतीनेही उचलली पाहिजेत, कारण मिळवणे आता पत्नीही करते. परंतु हक्क आणि कर्तव्य दोन्ही बाजूंना आहे, हे तत्त्व आजही तसेच लागू आहे.

खालच्या दिशेविषयीही दोन शब्द. कामगाराला त्याच्या शक्तीनुसार काम द्यावे, जेवण आणि वेतन द्यावे, आजारपणात त्याची काळजी घ्यावी, घरात गोडधोड झाले तर त्याला वाटा द्यावा आणि वेळेवर सुट्टी द्यावी, असे सुत्त सांगते. आपल्या कितीतरी आयाबहिणींनी दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करून मुले शिकवली. आज त्यांच्यातील काही मुलांच्या घरी कामाला बाई येते. तिला आपण वेगळा कप देतो की काय, हे प्रत्येकाने घरी जाऊन पाहावे.

मंगल परिणयातील प्रतिज्ञा कोणी ऐकते काय?

आपल्या मंगल परिणय विधीत वर आणि वधू ज्या पाच-पाच प्रतिज्ञा घेतात, त्या याच सुत्तावर आधारलेल्या आहेत. पुरोहिताशिवाय, खर्चाशिवाय, दोघांच्या संमतीने विवाह लावण्याची वाट महात्मा फुले यांनी १८७३ साली सत्यशोधक समाजाची स्थापना करून दाखवली होती. बौद्ध विवाहविधीने तिला धम्माचे अधिष्ठान दिले. बौद्धाचार्य एकेक प्रतिज्ञा सांगतात, वर म्हणतो, वधू म्हणते. हा विधी इतका साधा आणि इतका अर्थपूर्ण आहे की त्यासारखे दुसरे कुटुंबशिक्षण नाही.

पण प्रत्यक्षात काय होते? बौद्धाचार्य बोलत असताना मांडवात गोंगाट असतो. छायाचित्रकार मध्ये उभा असतो. पाहुणे पंगतीकडे डोळे लावून असतात. वराने पत्नीचा अपमान न करण्याचे वचन दिले, ते त्याच्या आईने ऐकले नाही, मित्रांनी ऐकले नाही आणि कदाचित त्याने स्वतःही ऐकले नाही. सर्वांसमक्ष प्रतिज्ञा घेण्याचा हेतू हाच की उपस्थित सारा समाज तिचा साक्षीदार व्हावा. साक्षीदारानेच कान बंद केले तर उद्या त्या मुलीने कोणाकडे दाद मागायची?

म्हणून आमची सूचना अशी की, प्रतिज्ञांच्या वेळी दहा मिनिटे वाजंत्री आणि पंगत पूर्ण बंद ठेवावी. प्रत्येक प्रतिज्ञेचा अर्थ बौद्धाचार्यांनी दोन वाक्यांत सोप्या मराठीत सांगावा. प्रतिज्ञांचा कागद दोघांच्या सहीने त्यांच्या घरी लावावा. विवाहाची कायदेशीर नोंदणी त्याच महिन्यात करून घ्यावी. महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा कायदा १९९८ चा आहे, आणि बौद्धांच्या विवाहाला १९५५ चा हिंदू विवाह कायदा लागू होतो, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. नोंदणी नसल्याने पुढे त्रास होतो तो बहुधा स्त्रीलाच.

मेळावा आणि तमाशा यातला फरक

सिगालोवाद सुत्तात संपत्ती नष्ट होण्याची सहा कारणे सांगितली आहेत. मद्यपान, अवेळी रस्त्यांवर भटकणे, नाचगाण्यांच्या जत्रांचा नाद, जुगार, कुसंगत आणि आळस. आज नाच कुठे आहे, गाणे कुठे आहे, वाजंत्री कुठे आहे, एवढेच शोधत फिरणाऱ्याचे घर बुडते, असे भगवंत सांगतात.

ही गोष्ट कार्यक्रम भरवणाऱ्या आपल्यासारख्या मंडळांनी विशेष मनावर घ्यावी. लोक जमले म्हणजे सत्कार्य झाले, असा बुद्धांचा विचार नाही. कशासाठी जमले हे महत्त्वाचे. जयंतीच्या मिरवणुकीत कानठळ्या बसवणारे ध्वनिक्षेपक, त्यापुढे दारू पिऊन नाचणारी पोरे आणि बाजूला भेदरून उभ्या राहिलेल्या त्यांच्याच आया, हे चित्र अनेक वस्त्यांत आपण पाहतो. महामानवाच्या नावाने घेतलेली वर्गणी त्याच महामानवाच्या प्रतिज्ञेविरुद्ध खर्च होते. ज्या कार्यक्रमाला आजीला घेऊन जाता येत नाही, लहान लेकराला घेऊन जाता येत नाही, तरुण मुलीला निर्धास्तपणे पाठवता येत नाही, तो कार्यक्रम कुटुंबाचा नाही. हा साधा निकष लावला तरी पुष्कळ गोष्टी निकालात निघतील.

त्याच सुत्तात मिळकतीची विभागणीही सांगितली आहे. कमाईचे चार भाग करावेत. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग काम-धंद्यासाठी आणि चौथा भाग अडीअडचणीसाठी राखून ठेवावा. आता आपल्या घरातील लग्नाचा हिशोब मांडून पाहा. निवृत्तीला आलेल्या बापाचा भविष्य निर्वाह निधी, आईचे दागिने, पतसंस्थेचे कर्ज, हे सारे एका दिवसाच्या मांडवात जाते. अडीअडचणीचा चौथा भाग तर जातोच, वर पुढच्या पाच वर्षांची कमाई गहाण पडते. त्यातून नवीन घराचा आरंभ कर्जाने होतो, आणि कर्ज आले की भांडण येते. हुंडा घेणे-देणे १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे. तरीही ‘आम्हाला काही नको, तुमच्या मुलीला काय द्यायचे ते द्या’ अशा गोड भाषेत तो आपल्यातही शिरला आहे.

सामुदायिक विवाह मेळाव्याची खरी किंमत इथे कळते. एका मांडवात, एका विधीत, सारख्याच पांढऱ्या वस्त्रांत श्रीमंत आणि गरीब घरची जोडपी शेजारी बसतात. मात्र मंडळांनी सामुदायिक विवाह ही गरिबांची सोय म्हणून भरवू नये. कार्यकारिणीतील सदस्याने आपल्या मुलाचे लग्न त्या मांडवात लावले, तर सामान्य माणसाचा संकोच आपोआप गळून पडेल.

एकत्र जमणे, एकत्र उठणे

महापरिनिब्बान सुत्ताच्या आरंभी वज्जींची कथा आहे. मगधाचा राजा अजातशत्रू वज्जी गणराज्यावर चालून जाण्याच्या विचारात होता. त्याचा मंत्री वस्सकार बुद्धांकडे आला. भगवंतांनी त्याला थेट उत्तर न देता आनंदाला सात प्रश्न विचारले. वज्जी वारंवार सभा भरवतात काय? एकत्र जमतात, एकत्र उठतात आणि एकत्र कामे करतात काय? वडीलधाऱ्यांचा मान राखून त्यांचे ऐकतात काय? कुळातील स्त्रियांवर आणि मुलींवर जबरदस्ती तर करीत नाहीत ना? जोवर वज्जी हे पाळतील तोवर त्यांची हानी होणार नाही, अशा आशयाचे भगवंतांचे उत्तर आहे.

समाजाचे बळ मोजताना बुद्धांनी हत्ती-घोडे मोजले नाहीत. सभा, एकोपा, वृद्धांचा मान आणि स्त्रियांची सुरक्षितता मोजली. यांपैकी दोन गोष्टी सार्वजनिक आहेत आणि दोन घरातल्या आहेत. सभा आणि घर एकमेकांवर उभे असतात, हाच त्याचा अर्थ.

एकत्र जमणे याचा अर्थ पुरुषांनी जमणे असा नाही. २० जुलै १९४२ रोजी नागपूर येथे अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली होती. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षस्थानी होत्या. तिथे बाबासाहेबांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजण्याची कसोटी सांगितली. मुलांना शिकवा, त्यांच्या लग्नाची घाई करू नका, आणि पत्नीने पतीची दासी न होता बरोबरीची मैत्रीण म्हणून उभे राहावे, असा उपदेश त्यांनी केला. त्याला आता आठ दशके होऊन गेली. आपल्या किती मंडळांत सरचिटणीस किंवा खजिनदार पदावर भगिनी आहेत, हे प्रत्येक गावाने आपापल्या अहवालात पाहून घ्यावे.

नकुलमाता आणि रमाई

बुद्धांच्या उपासकांत नकुलपिता आणि नकुलमाता हे आदर्श दांपत्य होते. एकदा नकुलपिता फार आजारी पडला. आपल्यामागे घराचे काय होईल, या चिंतेने तो तळमळत होता. तेव्हा नकुलमाता त्याला म्हणाली की, चिंता घेऊन मरू नका. मला सूत कातता येते, लोकर विंचरता येते, मी मुलांना सांभाळीन आणि घर चालवीन. तिच्या धीराच्या शब्दांनी नकुलपित्याचे दुखणे उतरले. पुढे काठी टेकत तो बुद्धांकडे गेला, तेव्हा भगवंतांनी अशी हितचिंतक पत्नी मिळाली हे तुझे भाग्य, असे त्याला सांगितले.

ही कथा वाचताना माता रमाईंची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. बाबासाहेब परदेशात शिकत असताना रमाईंनी घर ओढले. पाच अपत्यांपैकी चार त्यांना डोळ्यांदेखत गमवावी लागली. २७ मे १९३५ रोजी त्या गेल्या. १९४० साली प्रसिद्ध झालेला पाकिस्तानवरील ग्रंथ बाबासाहेबांनी त्यांच्या स्मृतीस अर्पण केला. रमाई जयंतीला आपण त्यांच्या सोशिकपणाचे गुणगान करतो. परंतु सोसणे हाच स्त्रीचा धर्म, असा त्याचा अर्थ घेऊ नये. आजची भगिनी सोसत असेल तर तिचे सोसणे कमी करणे, हीच रमाईंना खरी आदरांजली होय. त्या दिवशी वस्तीतील ज्या स्त्रीने विधवा झाल्यावर किंवा नवऱ्याने टाकल्यावर एकटीने मुले वाढवली, तिला व्यासपीठावर मानाने बसवावे. हळदीकुंकवाच्या प्रथेत विधवेला वगळले जाते. आपल्या महिला मेळाव्यात तिला पहिली खुर्ची असली पाहिजे.

वर्षभराचा क्रम

आता प्रत्यक्ष काय करता येईल, याविषयी काही सूचना मांडतो.

वर्षावासाचे तीन महिने हे कुटुंबासाठी उत्तम आहेत. अनेक ठिकाणी या काळात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. ते केवळ विहारात न ठेवता दर आठवड्याला वेगवेगळ्या घरी ठेवावे. ज्याच्या घरी वाचन, त्या घरातील मुलामुलींनी वाचावे. चहाशिवाय दुसरा खर्च करू नये, म्हणजे गरीब घराला आपल्याकडे वाचन ठेवण्याचा संकोच वाटणार नाही.

नामकरणाच्या कार्यक्रमात मुलगी झाली म्हणून उत्साह कमी होऊ नये. कोसल देशाच्या पसेनदी राजाला मुलगी झाल्याचे कळून तो खिन्न झाला, तेव्हा मुलगी ही मुलापेक्षाही श्रेष्ठ निघू शकते, असे भगवंतांनी त्याला समजावले. महाराष्ट्र शासनाच्या निर्णयानुसार १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकाच्या नावानंतर आईचे नाव आणि त्यापुढे वडिलांचे नाव व आडनाव लिहायचे आहे. नामकरण करताना बौद्धाचार्यांनी संपूर्ण नाव याच क्रमाने मोठ्याने उच्चारावे. सत्काराच्या वेळीही विद्यार्थ्याबरोबर आई आणि वडील दोघांनाही बोलवावे.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम शोकाचा असला तरी कुटुंब जुळवणारा आहे. वाटणीवरून दुरावलेले भाऊ त्या दिवशी एकत्र बसतात. बहिणीचा हक्क याच वेळी बहुधा डावलला जातो. महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली झालेल्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाबरोबरीचा हक्क मिळाला, आणि हा वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. जाणत्या माणसांनी हे शांतपणे भावांच्या कानी घालावे.

वृद्धांचा प्रश्न दिवसेंदिवस गंभीर होत आहे. मुले मुंबई-पुण्यास, काही परदेशी, आणि गावच्या घरात दोन म्हातारी माणसे. आईला एका खांद्यावर आणि वडिलांना दुसऱ्या खांद्यावर घेऊन शंभर वर्षे फिरले तरी त्यांचे उपकार फिटत नाहीत, असे भगवंतांनी सांगितले आहे. आईवडिलांच्या सांभाळासाठी २००७ साली कायदाही झाला. पण कायद्याची पायरी चढण्याआधी मंडळाने आपल्या वाडीतील एकट्या वृद्धांची यादी करावी. दर पौर्णिमेला दोन तरुणांनी त्यांच्याकडे जावे, औषधे आणि पेन्शनची कागदपत्रे पाहावीत, आणि मुलाशी फोनवर बोलणे करून द्यावे.

कुटुंब मेळावा कसा भरवावा

मे महिन्यात शाळांना सुट्टी असते, मुंबईकर मंडळी गावी येतात आणि बुद्ध पौर्णिमाही याच सुमारास येते. १५ मे च्या आसपासचा एक दिवस कुटुंब मेळाव्यासाठी ठरवावा. सकाळी त्रिशरण-पंचशील आणि सिगालोवाद सुत्ताचे वाचन व्हावे. त्यानंतर प्रत्येक कुटुंबाने पुढे येऊन आपला परिचय द्यावा. तो घरातील सर्वांत लहान बोलू शकणाऱ्या व्यक्तीने करून द्यावा. आजीचे माहेर कोणते, आजोबा कोणत्या गिरणीत होते, धम्मदीक्षेच्या वेळी घरातील कोण गेले होते, हे मुलांनी आधी विचारून लिहून आणावे. असे लिखाण मंडळाने जपून ठेवले तर दहा वर्षांत गावाचा इतिहास तयार होईल.

भाषणे दोनच असावीत आणि लहान असावीत. दुपारचा एक तास सासू-सुना, बाप-मुलगे यांच्या मोकळ्या बोलण्यासाठी ठेवावा. शिक्षण, नोकरी, व्यसनमुक्ती आणि कायदा यांची माहिती देणारी माणसे एका बाजूस बसवावीत, म्हणजे ज्याला चारचौघांत विचारता येत नाही त्याला तिथे विचारता येईल. स्वयंपाक आणि वाढप त्या दिवशी पुरुषांनी करावे. मंडळाचा जमाखर्च सर्वांसमोर वाचावा.

आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. वर्गणी थकली म्हणून, आंतरजातीय विवाह केला म्हणून, किंवा मागे कधी भांडण झाले म्हणून एखाद्या कुटुंबाला बाहेर ठेवू नये. बहिष्काराचे चटके आपल्या पूर्वजांनी सोसले आहेत. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ साली कायदा केला. तो आपल्याविरुद्ध वापरण्याची वेळ आपल्याच माणसावर यावी, यासारखी शरमेची गोष्ट नाही. नाराज कुटुंबाकडे आमंत्रण घेऊन अध्यक्षांनी स्वतः जावे.

समारोप

सिगाल तरुणाला दिशा ठाऊक होत्या, पण त्या दिशांना कोण उभे आहे हे ठाऊक नव्हते. आपल्या वस्तीतील तरुणांचे तसे होऊ नये. प्रतिमेला हार घालणाऱ्या हाताने घरी आईच्या हातातील कळशी घेतली, तर तीही वंदनाच आहे. मंडळाचा कार्यक्रम त्या हाताला ही सवय लावण्यासाठी असतो. या वर्षीचा मेळावा ठरवताना कार्यकारिणीने वक्ता कोण याआधी कोणत्या घरातून कोण येऊ शकत नाही आणि का, याची यादी करावी. त्या यादीतील प्रत्येक घर मांडवात आणणे हाच यंदाचा मुख्य कार्यक्रम समजावा, अशी सर्व धम्मबांधवांना आणि भगिनींना आमची नम्र विनंती आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!